नाकावरचं कुंकू

कुशलला ही नोकरी लागली तर आपल्या वाट्याला काय काय येईल, याचा हिशेब मृदुलाने खंडेनवमीच्या सकाळी मटणाचं वाटण काढता काढता तिसऱ्यांदा केला. वरची खोली मोकळी होणार, लेकीला, स्पृहाला, दहावीच्या वर्षी दार लावून बसायला जागा मिळणार. सकाळी सातला न्हाणीघरापुढची रांग एका माणसाने आखडणार. जेवताना धाकट्या भावाच्या ताटाकडे बघून मंजुनाथ जो सुस्कारा सोडायचा, तो थांबणार. आणि तो थांबला की नवराबायकोला बोलायला दुसरा विषय शोधावा लागणार. हे जमेत धरायचं की खर्चात, ते तिचं अजून ठरत नव्हतं. शिवाय मैसूरच्या विजयनगरातल्या त्या अख्ख्या गल्लीत ‘तुमचा दीर सध्या काय करतो?’ या प्रश्नाला तिला एका दमात, मान वर करून उत्तर देता येणार होतं.

खर्चाच्या बाजूला एकच ओळ होती. बाटली उघडली जाणार होती.

बाटली बारोलोची, इटलीतल्या नामी लाल वाइनची. इटलीतल्या वाइनरीत सात वर्षं काढून कुशल चार वर्षांपूर्वी परत आला, तेव्हा त्याने ती स्वेटरात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून आणली होती. दोन हजार सोळाचं पीक. ते घड त्याने स्वतः तोडलेले. “दहा वर्षांनी उघडायची,” तो म्हणाला होता, “आणि उभी करायची नाही, अम्मा. आडवीच.” सासूबाईंनी, अंबुबाईंनी, हे देवाज्ञेसारखं पाळलं. एरवी बाटली त्यांच्या पातळांच्या कप्प्यात निजायची. नवरात्रात दिवाणखान्यात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या, की ती तिसऱ्या पायरीवर शेषशायी रंगनाथाच्या शेजारी जायची. “तो पण झोपलाय, ही पण झोपलीय. दोघांना सोबत,” असं त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगत. कांदासुद्धा न खाणाऱ्या दोन शेजारणी दर वर्षी त्या बाटलीला हात जोडून जात.

आता त्या बाटलीत बारोलो नव्हती, हे घरात दोघींनाच ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. घाटग्यांच्या घरात खंडेनवमीला खंड्यावर दारूची धार धरतात. मैसूरच्या घोडदळात चाकरीला आलेल्या पहिल्या घाटग्याचा तो खंडा, तेव्हापासूनचा रिवाज. दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला साडेआठच्या पूजेसाठी रमची बाटली काढली, तर आत निव्वळ पाणी. सासरे मालोजीराव घोडेस्वार पोलिसांतून जमादार म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी साखरेपायी पिण्यावर बंदी घातली होती. त्यांनी चोरून बाटली संपवली होती आणि नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. रंगासाठी चहाचे चार थेंब टाकायचीही तसदी घेतली नव्हती. दुकानं साडेदहाशिवाय उघडत नाहीत. कुशल त्या दिवशी बंगळूरला. मंजुनाथ बाहेर स्कूटरच्या चाकापुढे कोहळा फोडत होता. आणि खंडा कोरडा ठेवायचा नाही, यावर अंबुबाई ठाम होत्या. त्यांचे थोरले दीर वासुदेवराव गेले, ते वर्ष खंडा कोरडा राहिल्याचं होतं.

“द्राक्षाचीच ना, अल्वा?” त्यांनी सुनेला विचारलं होतं. “मत्ते, मग काय झालं? देवाला चालते.”

मृदुलाने कुशलच्याच स्क्रूने बूच काढलं, अंबुबाईंनी सगळी बाटली तांब्याच्या गडूत रिकामी केली आणि गडू नवऱ्याच्या हातात दिला. आपण भरून ठेवलेल्या पाण्याची लाल धार होऊन खंड्यावर पडताना बघून मालोजीराव जागच्या जागी थिजले. विचारणार कुणाला? विचारायचं तर आधी कबूल करावं लागणार. त्या दिवसापासून त्यांनी दारूला शिवलं नव्हतं. खंड्याने आपल्याला साक्षात ताकीद दिली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कशाबद्दल, ते मात्र गाळून.

एका बाटलीत सासऱ्याची दारू सुटली, म्हणून मृदुलाने तेव्हा तो व्यवहार फायद्याचा मानला होता. राहिली होती रिकामी बाटली. मृदुला तासगावची, बेदाण्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. मालात माल मिसळताना बघत मोठी झालेली. तिने फोनवर वाचलं: रंग फिकट, विटेकडे झुकणारा; चव अतिशय तुरट, आंबट, कोरडी, घशात ऊब. चहाचा कोरा काढा दोनदा उकळला, त्यात पुनर्पुळीची, म्हणजे कोकमाची, साल भिजवली, मंजुनाथने दुपारी आणलेली रमची चपटी ओतली. बोट बुडवून चाखलं तर जीभ टाळ्याला चिकटली. सवयीने हात साखरेच्या डब्याकडे गेला आणि परत आला. ‘कोरडी’ लिहिलं होतं ना! मग बूच, वरची पन्नी, पन्नीला डिंक. काम इतकं साफ उतरलं, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आज उघडली की काय होणार, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. चांगल्या चांगल्या बाटल्या आतून खराब होतात, असंही तिथेच लिहिलं होतं. कुशल एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल, म्हणेल, “गेली.” पाहुणा हळहळेल. मटण पुढे येईल. खर्चाची ओळ तिथेच मिटेल.

पाहुणा उपेंद्र, पुण्याचा. मैसूरला येऊन अठरा वर्षं झालेली, कुवेंपुनगरला स्वतःचं घर. कंपनीतली नोकरी सोडून तीन मित्रांबरोबर चन्नपट्टणच्या पलीकडे वाइनरी काढत होता. सहा महिने कुशलशी फोनवर बोलून त्याने निर्णय घेतला होता. दारातच बूट काढताना म्हणाला, “काका, टाक्या आल्या, पिंपं आली, माणसं आली. वाइन पारखणारं एक नाक तेवढं राहिलं होतं. ते आज तुमच्याकडून घेऊन जातो.”

“न्या की! सुम्ने, उगाच वरच्या खोलीत पडून आहे,” मालोजीराव हसून म्हणाले. “आमच्या घोड्यांना सुद्धा एवढा आराम नव्हता.”

कुशल हसला. पस्तिशीचा, उंच, दाढी करून पांढरा झब्बा घातलेला. वहिनीने तो धुतलेला काढून इस्त्री करून दिला होता, कारण आदला दिवसभर घातलेलाच झब्बा त्याने पुन्हा चढवला होता आणि त्याला घामाचा भपकारा येत होता. या गोष्टीचं तेव्हा तिला काही वाटलं नाही. दीर आळशी आहे, एवढीच नोंद.

पाहुण्यासाठी यंदा पूजा दुपारी मांडली होती. मधोमध चौरंगावर खंडा, त्याला झेंडूची माळ. पुढे ज्याची त्याची हत्यारं: मंजुनाथचे रेल्वे वर्कशॉपातले पाने, स्पृहाचा कंपास, मृदुलाची विळी, मालोजीरावांचा जुना चाबूक. उपेंद्रने खिशातून एक लांब पाकीट काढलं. “नेमणुकीचं पत्र आहे. तुमच्याकडे हत्यारं पुजतात म्हणालात, म्हणून आणलं. इथे ठेवू?”

अंबुबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि खंड्याच्या मुठीखाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मृदुलाने बघितलं.

“तुझं हत्यार कुठाय रे?” मालोजीरावांनी कुशलला विचारलं. “सगळ्यांचं आहे. तुझं?”

“तो स्क्रू ठेवा की, बाटली उघडायचा,” मंजुनाथ म्हणाला.

“तो हमालाचा, काका,” उपेंद्रला मजा वाटली. “याचं हत्यार चेहऱ्यावर आहे.”

“हौदु, खरंच!” मालोजीराव म्हणाले. “ये इकडे.” त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि कुशलच्या नाकाच्या शेंड्यावर ठसठशीत टिळा लावला, वर दोन अक्षताही चिकटवल्या. सगळे हसले. स्पृहाने फोटो काढला. कुशल डोळे मिटून स्तब्ध उभा राहिला. लाजला, असं मृदुलाला वाटलं.

खंड्यावर रमची धार झाली, सकाळीच आणलेल्या, राखून ठेवलेल्या रमची. मग बाटली रंगनाथाशेजारून उठली.

कुशलने इटलीहून आणलेले, फुंकर मारली तर तडकतील असे दोन पेले पुसून ठेवले होते. पन्नी कापली. स्क्रू फिरवला. पहिल्या वेळच्या भोकातूनच तो आत गेला आणि बूच लोण्यातून निघावं तसं निघालं. पण कुशलचं लक्ष बुचाकडे नव्हतं, उपेंद्रच्या चेहऱ्याकडे होतं. बूच नाकाशी नेऊन त्याने मान हलवली. “ठीक आहे,” म्हणाला आणि ते ताटलीत ठेवलं. नाकावरचं थोडं कुंकू बुचाला लागलं.

उपेंद्रने बूच सहज उचललं. उलटं केलं. भोकाकडे बघितलं. मग नाकाशी नेलं आणि त्याची भिवई एका बाजूने किंचित वर गेली. बूच त्याने परत ताटलीत ठेवलं.

कुशलने आपल्या पेल्यात दोन बोटं ओतली, पेला तिरका करून उजेडात धरला, फिरवला, त्यात नाक खुपसलं.

आता, मृदुला मनात म्हणाली. आता म्हण, गेली.

कुशलने घोट घेतला. गालात खेळवला. गिळला. डोळे मिटले.

“आधी गुलाब,” तो म्हणाला. “ताजा नाही. वहीत ठेवून विसरलेला. त्याच्या मागून डांबर.”

“डांबर? पितात की रस्ता करतात?” मालोजीरावांनी विचारलं.

“तीच तर ओळख तिची, अप्पाजी. उन्हात तापलेल्या रस्त्याचा असतो ना, तसा. गुलाब आणि डांबर एकाच पेल्यात, ही लबाडी दुसऱ्या कुठल्या द्राक्षाला जमत नाही.” त्याचा आवाज बदलला होता. गेल्या चार वर्षांत या घरात त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. “आमच्याकडे सेरालुंगाला ऑक्टोबरात सकाळी दऱ्या दिसतच नाहीत. धुकं काठोकाठ भरलेलं असतं, दुधासारखं. टेकड्यांचे माथे तेवढे वर, आणि प्रत्येक माथ्यावर एक गाव. द्राक्षाचं नावसुद्धा त्या धुक्यावरूनच पडलंय म्हणतात. बाकी सगळी द्राक्षं तोडून होतात, माणसं हातपाय धुऊन बसतात, तरी हे पिकत नाही. आपल्याकडे दसरा, तेव्हा तिथे तोडणी. हिवाळ्यात ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो, तिथेच हा वेल लावायचा, असं तिथले म्हातारे ठरवून गेलेत. माती निळसर, राखेसारखी. ओली झाली की बुटाला धरते ती सोडत नाही. ऑर्नेला म्हणायची, मालकीण आमची, की ही माती माणसालाही अशीच धरते.” त्याने पुन्हा पेल्यात नाक घातलं. “ते सगळं आहे यात. जशीच्या तशी आहे.”

स्पृहाने टाळ्या वाजवल्या. मंजुनाथसारखा माणूस, तोसुद्धा भावाकडे सुस्कारा न सोडता बघत होता. वर्णन इतकं सुंदर होतं, की क्षणभर मृदुलालाच वाटलं, आपण चहा उकळला होता तो स्वप्नात.

मग तिची आणि सासूची नजर भेटली.

अंबुबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. मृदुलाच्या डोक्यात एकेक गोष्ट फटाफट मांडली जाऊ लागली. मागल्या वर्षी दूध करपून घरभर धूर झाला होता, आणि हा शेजारच्या खुर्चीवर फोन बघत बसला होता. गॅसची नळी सुटली त्या दिवशी तिने आरडाओरडा केला तेव्हा हा म्हणाला होता, “काय झालं, वहिनी?” आणि सकाळचा तो झब्बा. आळशी नव्हता. त्याला वासच येत नव्हता.

“द्या, उपेंद्रजी, पेला,” कुशलने बाटली उचलली.

उपेंद्रने पेला पुढे केला. पण मधेच अंबुबाई उठल्या. गुडघे करकरले. त्यांनी मुलाच्या हातून बाटली काढून घेतली.

“आधी खंड्याला.”

“अगं, धार झाली की मघाशीच!” मालोजीराव म्हणाले.

“परत. चांगली आहे म्हणतोय ना? मत्ते खंड्याला नको?” आणि त्यांनी दोन्ही हातांनी बाटली उलटी केली. थांबल्या नाहीत. भसाभस सगळं खंड्यावर गेलं, झेंडूवर गेलं, मुठीखालच्या पाकिटावर गेलं. मुलाची अब्रू झाकायला निघालेल्या त्या बाईच्या हातून त्याचं नेमणूकपत्र भिजत होतं, आणि हे तिच्या लक्षात आलं तोवर बाटलीत थेंब उरला नव्हता.

“अय्यो, अम्मा!” मंजुनाथ ओरडला. मग त्याने हवेत नाक उडवलं. “चहाचा वास कुठून येतोय?”

अंबुबाईंनी रिकामी बाटली पदराआड धरली.

“येणारच,” कुशल हसत म्हणाला. “जुन्या बारोलोत चहाची पानं लागतात. चांगलं लक्षण आहे.”

“आणि रम?” मंजुनाथने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कुशलचं हसू जिथल्या तिथे राहिलं. त्याने आईकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. खोलीत उकळलेल्या चहाचा आणि रमचा असा दर्प सुटला होता, की फोनमधून मान वर काढून स्पृहानेही नाकाला ओढणी लावली. खोलीत सहा माणसांना तो येत होता. सातव्याच्या नाकावर कुंकू होतं.

उपेंद्रने खंड्याखालचं पाकीट चिमटीत धरून उचललं. त्यातून विटकरी थेंब गळत होते. नाकाजवळ नेण्याची गरज नव्हती, तरी त्याने नेलं. बहुधा खात्री करायला नाही, वेळ काढायला.

“पत्र भिजलं,” तो हळू म्हणाला. “काही हरकत नाही. नवीन टाइप करून पाठवतो.”

“जेवून तरी जा, साहेब,” मालोजीराव म्हणाले. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. काहीतरी झालं, एवढंच कळलं होतं.

“जेवतो ना, काका. जेवल्याशिवाय कसा जाईन?”

आणि तो जेवला. दोन भाकरी, मटण, वर भात. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी, जंबू सवारीसाठी, उद्या कुठले रस्ते बंद असतील, यावर मंजुनाथशी बोलला. कुशलशीही बोलला, पण फोनवर सहा महिने बोलायचा तसा नाही. दवाखान्यात भेटायला आलेला माणूस बोलतो, तसा. कुशल प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. ताटातलं काहीच त्याने संपवलं नाही.

मृदुला फाटकापर्यंत सोडायला गेली. हार घातलेल्या गाडीचं दार उघडत असताना तिने त्याला गाठलं.

“बाटलीत मीच दुसरं भरलं होतं. त्याची यात काही चूक नाही. सगळी चूक माझी.”

“तुमची चूक मला बुचावरच कळली, वहिनी,” उपेंद्र म्हणाला. “त्याला ती कळली नाही, हा प्रश्न आहे. कधीपासून वास येत नाही त्याला?”

“आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.”

“मलाही कळलं नसतं हो. काय बोलायचा! त्याच्या बोलण्यावर मी तीन भागीदारांना राजी केलं.”

“मग बोलायचंच काम द्या ना. लोकांना शिकवेल, बागेत फिरवेल. माणूस खरा आहे.”

उपेंद्रने गाडीवरचा सुटलेला झेंडू उगाच नीट केला. “वर्षभर विचार करेन, तर देईनही कदाचित. पण आत्ता त्याने माझ्यासमोर चहाला बारोलो म्हटलंय. हे भागीदारांपासून लपवलं तर मी खोटा. सांगितलं तर तो संपला. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

तो ओलं पाकीट मागच्या सीटवर ठेवून गेला.

मागच्या अंगणात दगडी चुलीपाशी कुशल ते दोन पेले धूत बसला होता. बायका घासतात तसं राखेने नाही. बोटांनी, नुसत्या पाण्याने, पुन्हा पुन्हा. मृदुला शेजारी टेकली. अंबुबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

“काय होतं त्यात?” त्याने मान वर न करता विचारलं.

“चहाचा काढा. पुनर्पुळी. रम.”

“साखर?”

“नाही.”

“एक चमचा घातली असतीत ना, वहिनी, तर मला कळलं असतं. गोड कळतं मला. आंबट कळतं, तुरट कळतं. तेवढंच उरलंय. तुम्ही तेवढं सगळं बरोबर घातलंत.” तो हसला. “जिभेला फसवायला मी सुद्धा याहून चांगलं बनवलं नसतं.”

मृदुलाला वाटलं, त्याने एक थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

“तिकडचा तो साथीचा ताप चार दिवस होता,” तो सांगू लागला. “पाचव्या दिवशी तळघरात गेलो आणि सगळी पिंपं पाण्याची झाली होती. एक तोडणी मी आठवणीवर काढली. ऑर्नेलाला कळलं. तिने ही बाटली दिली. बक्षीस म्हणून नाही, निरोप म्हणून. मी ठरवलं होतं, दहा वर्षांत वास परत येईल. आला की ही उघडायची. नाही आला तर नाही उघडायची. आज उपेंद्रने हट्टच धरला, म्हणून...” पेला त्याने उन्हात धरला. “म्हटलं, ही तरी खरी आहे. मला नाही आली तरी तिची ती खरी आहे. मी आठवून बोलेन, ती खरी करून दाखवेल.”

“मीच ओतली रे, बाळा,” अंबुबाई म्हणाल्या. “खंडा कोरडा राहिला असता.”

कुशलने आईकडे बघितलं नाही. वहिनीकडे वळून त्याने अगदी हळू विचारलं, “ओतली तेव्हा वास कसा होता?”

मृदुलाला आठवेना. गडूत दारू पडताना तिने पदर नाकाला लावला होता. माहेरी कुणी दारूला शिवत नव्हतं.

“गुलाबाचा होता,” अंबुबाई म्हणाल्या. “पण ते, खंड्याला त्या वर्षी गुलाबाची माळ होती. त्याचा असेल.”

आणि मग मृदुलाला आठवलं. त्या सकाळी पूजा झाल्यावर तिने स्वयंपाकघराची खिडकी त्रासून लावून घेतली होती. दसऱ्यासाठी कुठेतरी रस्ता करतायत, डांबर घालतायत, घरभर दर्प येतोय, असं ती मंजुनाथला म्हणाली होती. आणि तो म्हणाला होता, आपल्या गल्लीत कुठला रस्ता?

न सांगण्यात फायदा होता. तरी तिने सांगितलं.

कुशल ऐकत राहिला. हातातला पेला त्याने अलगद खाली ठेवला. “म्हणजे तयार होती,” तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वीच तयार होती.” आणि गुडघ्यात तोंड घालून तो रडू लागला, आवाज न करता, खांदे फक्त हलवत.

दारामागे मालोजीराव उभे होते. ते कधी आले होते कुणाला माहीत, पण ऐकायचं ते त्यांनी ऐकलं होतं.

“म्हणजे ती लाल धार...” ते बायकोला म्हणाले.

अंबुबाईंनी मान खाली घातली.

दोन वर्षं ज्याच्या धाकात काढली, तो धाक एका गडूतून आला होता, हे म्हाताऱ्याच्या अंगात हळूहळू उतरलं. मग तो दिवाणखान्यात गेला आणि थोरल्या मुलाला म्हणाला, “मंजु, सकाळी आणलेली उरली असेल ना? आण.” मंजुनाथने वडिलांकडे बघितलं, नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि भावाच्या खोलीकडे बघून आजवरचा सगळ्यात मोठा सुस्कारा सोडून आत गेला.

तिन्हीसांजेला मृदुलाने खंडा पुसायला घेतला. आटलेल्या काढ्याने तो चिकट झाला होता; मुठीच्या नक्षीत चहाची भुकटी अडकली होती. पुसता पुसता तिने शेवटचा हिशेब केला. उपेंद्रची एक दुपार गेली, आणि एक चांगला माणूस ओळखीत होता तो गेला. सासऱ्याचा देव गेला. पहिला पेग त्यांनी न लपवता, दिवाणखान्यात बसून घेतला. सासूबाईंनी बाहुल्यांच्या पायरीवरची मोकळी जागा तशीच ठेवली होती आणि रंगनाथाकडे पाठ करून बसल्या होत्या. स्पृहाला खोली मिळाली नाही. वरून कुशलच्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला होता आणि ती कडी आज निघणार नव्हती. स्पृहाने दुपारी काढलेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला होता, त्यावर धारवाडच्या मामांपर्यंत सगळ्यांची अभिनंदनं येऊन पडली होती, आणि ती कुणी पुसायची, हे ठरत नव्हतं. कुशलचं काय काय गेलं, ते तिने मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. ज्याच्याकडे उरलंच नव्हतं, त्याच्याकडूनच सगळ्यांचं वसूल झालं होतं. जेवायला बोलवायला ती वर गेली, तेव्हा दाराच्या फटीतून तिला तो भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसला होता. नाकावरचं कुंकू तसंच होतं. त्याने पुसलं नव्हतं, आणि पुस म्हणायचं तिला धाडस झालं नव्हतं.

ती खाली आली. खंडा म्यानात घातला. स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा उघडला. एक चमचा भरून घेतला आणि कितीतरी वेळ तसाच हातात धरून उभी राहिली. या सगळ्यात तिने वाचवलं होतं ते एवढंच.